न परतणारा उतार

केतकी खातूने आपल्या गावामागचा डोंगर पहिल्यांदा नीट पाहिला तो पुण्यात, बाणेरमधल्या ऑफिसात, संगणकाच्या पडद्यावर.

ती ज्या कंपनीत होती ती विमा विकत नव्हती. ती विमा कंपन्यांना अंदाज विकायची. आगीचा किंवा गाडीचा विमा तसा सोपा असतो. आगी आणि अपघात रोज होतात, मागच्या काही वर्षांचे आकडे मांडले की पुढच्या वर्षाचा सुमार लागतो. पूर, वादळ, दरड यांचं तसं नाही. एखाद्या गावावर डोंगर कोसळतो तो कित्येक पिढ्यांतून एकदा, आणि आपल्याकडे पावसाच्या धड नोंदी आहेत त्या जेमतेम दीड शतकाच्या. जिथे इतिहास अपुरा पडतो तिथे तो रचावा लागतो. कंपनीचा संगणक दहा हजार वर्षांचे पावसाळे रचायचा. कधीच न पडलेले, पण पडू शकले असते असे. त्यातल्या प्रत्येक पावसाळ्यात कुठली नदी किती चढली, कुठली भिंत टिकली, कुठली गेली हे तो घरागणिक मोजायचा, आणि त्या सगळ्यातून शेवटी प्रत्येक इमारतीची जोखीम काढायचा.

या मोजणीत एक मोठी फट होती, ती डोंगरउतारांची. ती केतकीने बुजवली. रडार लावलेले उपग्रह ढगांतूनही जमीन बघतात, आणि तोच उतार पुन्हा पुन्हा बघून तो केसभर हलला असला तरी सांगतात. अनेक वर्षांची अशी मापं एकाखाली एक लावल्यावर केतकीच्या लक्षात आलं की कोकणातला जवळजवळ प्रत्येक उतार पावसाळ्यात पाणी पिऊन किंचित खाली सरकतो आणि उन्हाळ्यात वाळला की पुन्हा मागे बसतो. श्वास घ्यावा तसा. काही उतार मात्र पूर्ण मागे बसत नाहीत. दरवर्षी थोडं अंतर उरतं, ते साठत जातं, आणि जांभ्याच्या थराखाली चिकट पांढरी माती असेल तर एखाद्या मोठ्या पावसात तो सगळा साठा एकदम सुटतो. या उरलेल्या सरकण्यावर तिच्या गटाने नवं प्रतिमान, म्हणजे अंदाजाचं गणिती मॉडेल, उभं केलं. त्याचं नाव ठेवलं ‘पायथा’.

मास्तर जसे स्वतःच्या मुलाचा पेपर गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतात तसं तिने वाशिवरे शेवटी घेतलं होतं. नदी आणि डोंगर यांच्या मधल्या पट्टीत वसलेलं तालुक्याचं गाव. बाजारपेठ, एसटी स्टँड, शाळा आणि डोंगराच्या अगदी पायथ्याशी, आंब्याच्या झाडांखाली, डॉक्टर शशिकांत खातूंचं प्रसूतिगृह. तिच्या वडिलांचं. ती स्वतः तिथेच जन्मली होती.

त्या इमारतीमागचा उतार परत बसत नव्हता. कुठल्याही एका पावसाळ्यात तो खाली येण्याची शक्यता दहात एक, असं ‘पायथा’ सांगत होतं.

तिने मापं पुन्हा तपासली. मग ती तिच्या वरिष्ठांकडे, मिहीर संझगिरींकडे गेली आणि नाव न घेता विचारलं, की एखाद्या जागी रुग्णालय वगैरे असेल तर त्यांना आधी कळवता येईल का. संझगिरी वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं की प्रतिमान विमा कंपन्यांच्या एका गटाने आधीच घेऊन ठेवलंय, वापरात येईपर्यंत त्यातलं काही बाहेर जाणार नाही असा करार आहे, आणि त्या करारावर तिचीही सही आहे. शिवाय एका गावाला सांगितलं तर बाकीच्या शेकडो गावांना का नाही सांगितलं, हे उद्या कोर्टात कोण सांगणार? अंदाज चुकला आणि लोक उगाच घरंदारं सोडून पळाले तर?

केतकीला हे पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. आणि त्याच संध्याकाळी तिने वडिलांना फोन केला.

डोंगराचं काही ती बोलली नाही. ती म्हणाली, मला एकटीला आता जमत नाही, तुम्ही माझ्याकडे या. आदल्या वर्षी तिचा घटस्फोट झाला होता, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे कारण खोटं वाटण्यासारखं नव्हतं. वाशिवऱ्यातून वडील कधी चार दिवसांपेक्षा जास्त हलले नव्हते. तिला वाटलं ते नाही म्हणतील. पण ते म्हणाले, “तू बोलावतेस म्हटल्यावर येतोच.”

*

प्रसूतिगृह त्यांनी डॉक्टर रुबिना परकारच्या हाती सोपवलं. रुबिना तालुक्यातलीच, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली. शिक्षण संपल्यापासून ती डॉक्टर खातूंच्या हाताखाली होती आणि शहरातल्या दोन नोकऱ्या तिने नाकारल्या होत्या. डॉक्टरांनी इमारत, जागा, सगळं तिच्या नावावर करून दिलं, जवळजवळ बक्षीस म्हणूनच. गावात त्याचं फार कौतुक झालं. निरोपाचा समारंभ प्रसूतिगृहाच्या अंगणात झाला. केतकी पहिल्या रांगेत बसली होती. समोर व्यासपीठावर वडील, त्यांच्या मागे इमारत आणि इमारतीच्या मागे तो उतार, उन्हाळ्याचा, वाळलेल्या गवताचा, अगदी निरुपद्रवी.

कार्यक्रमानंतर रुबिना तिच्यासाठी सरबत घेऊन आली. तिला तेव्हा सहावा महिना लागला होता. नवरा बोटीवर नोकरीला, तो डिसेंबरशिवाय येणार नव्हता. बाळंतपण कुठे करणार, असं केतकीने विचारलं, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून सुचवलं की पावसाळ्याचे दिवस असतील, रत्नागिरीला का नाही जात?

रुबिना हसली. “केतकीताई, लोकांच्या बायकांना मी इथे या म्हणायचं आणि स्वतः रत्नागिरीला जायचं? बरं दिसेल का ते?”

केतकीने सरबत संपवलं. पेला परत देताना ती म्हणाली, “जप.” एवढंच ती म्हणाली.

*

पुण्यात वडील रमले, हे तिच्या अपेक्षेपलीकडचं होतं. सकाळी फिरायला जायचे, येताना मासे मिळाले तर आणायचे, नाही मिळाले की पुण्याला नावं ठेवायचे. सोसायटीत जो भेटेल त्याला ते सांगत, “मुलीने बोलावून घेतलं.” हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांनी तिला भाकऱ्या थापायला शिकवायचा प्रयत्न केला, तिने त्यांना तिच्या कामातलं गणित सांगायचा. गणिताचं बोलणं वाशिवऱ्याच्या जवळ आलं की ती विषय बदलायची. आईच्या आजारपणानंतर बापलेक इतके दिवस एका घरात राहिले नव्हते. ती सुखात होती, आणि आपण सुखात आहोत हे लक्षात आलं की तिला तो उतार आठवायचा.

त्या पावसाळ्यात ऑफिसात आल्यावर ती आधी त्या एका उताराची मापं उघडायची. मोठ्या पावसाच्या दिवसांत तिला जेवण जायचं नाही. जुलैत रुबिनाने बाळाचा फोटो पाठवला, मुलगी झाली, नाव सना. फोटोत रुबिनाच्या मागे खिडकी होती आणि खिडकीतून हिरवागार उतार दिसत होता. वडिलांनी तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. केतकीने जागा बदलून तो आतल्या खोलीत नेला. उन्हाची तिरीप येते, असं कारण दिलं.

उतार त्या वर्षी टिकला. पण पाऊस संपून जमीन वाळल्यावरही तो मागे बसला नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये ‘पायथा’ वापरात आलं आणि विमा कंपन्यांनी नूतनीकरणं नाकारायला सुरुवात केली. विमा नाही एवढ्यावर पूर्वी भागलं असतं. पण मधल्या काळात नवा कायदा आला होता, की आपत्तीचा विमा नसलेल्या इमारतीत रुग्णालय चालवता येणार नाही, शाळा भरवता येणार नाही, आणि अशा घरावर बँक कर्ज देणार नाही. त्यामुळे डोंगर जिथल्या तिथे असतानाच गावं खचायला लागली. वाशिवऱ्यात बाजारपेठेची मागची ओळ, एक शाळा आणि प्रसूतिगृह, एवढ्यांना नकार आला.

रुबिनाने डॉक्टरांना फोन केला. जेवायला बसल्यावर वडिलांनी केतकीला सांगितलं, की रुबिनाची काहीतरी गफलत झालीय, तू त्याच क्षेत्रातली, जरा बघ.

“गफलत नाही,” केतकी म्हणाली. मग तिने उताराचं सगळं सांगितलं. सरकणं, परत न बसणं, दहातला एक. वडील मन लावून ऐकत होते. रोग्याची कहाणी ऐकताना ते जसे मध्ये बोलत नसत तसेच. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं, की हे कधी कळलं.

ती म्हणाली, “आत्ताच. या महिन्यात.”

त्यांनी मान हलवली आणि भाताचा घास घेतला. तो खाऊन झाल्यावर त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

“केतकी, तुला एकटं वाटतं म्हणून मला बोलावलंस ना?”

तिला हो म्हणता आलं नाही. चाळीस वर्षं वडिलांनी बायकांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या पोटातलं ओळखलं होतं, आणि इथे तर ओळखण्यासारखं काही उरलंही नव्हतं. ते उठले, हात धुतले आणि खोलीत जाऊन पिशवी भरायला लागले.

*

सकाळी ते एसटीने जायला निघाले. तिने गाडी काढली, ते बसले. घाट उतरून नदी दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, “मीही विचारायला हवं होतं. एकटी पडले म्हणणारी तू कधीच नव्हतीस. मला ते खटकलं होतं. पण मुलीला आपण हवे आहोत, हे ऐकायला बरं वाटलं. म्हणून मी विचारलं नाही.”

ते रागावले असते तर तिला सोसलं असतं.

रुबिनाला त्यांनीच सगळं सांगितलं, केतकीला आधीपासून ठाऊक होतं तेही, बाह्यरुग्ण खोलीत, दार लावून. रुबिनाने आधी फक्त कामाचे प्रश्न विचारले. माती कुठून येईल? मागचा वॉर्ड जाईल की ऑपरेशन थिएटरही? आधी काही कळतं का? केतकीने सांगितलं, की कोसळण्याआधी उताराचा वेग वाढत जातो. उपग्रह काही दिवसांच्या अंतराने येतो, त्याला ते वेळेवर दिसेलच असं नाही. पण उतारात मोजपट्टीचे दांडे रोवले, झुकाव सांगणारे, तर काही तासांची सूचना मिळू शकते.

“मग तुमच्या कंपनीने का नाही रोवले?”

“आम्ही सूचना विकत नाही. चुकली तर आमच्यावर येते. आम्ही फक्त वर्षाची जोखीम काढतो.”

रुबिना टेबलावरचा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती. तो गुंडाळून झाल्यावर ती म्हणाली, “सना मागच्या वॉर्डात झाली. ताप होता म्हणून आम्ही दोघी तिथेच राहिलो. बाहेर धो धो पाऊस. तुम्ही तेव्हा मापं बघत होतात, मॅडम?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

रुबिनाने पट्टा खणात ठेवला आणि पुलापलीकडच्या मंगल कार्यालयाच्या मालकांना फोन लावला. पावसाळ्यापुरती जागा मिळेल का, असं विचारायला. केतकीला तिने त्यानंतर कधीच ताई म्हटलं नाही.

*

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि पसरताना ती बदलत गेली. केतकीला ती स्टँडसमोरच्या हॉटेलात ऐकू आली. तिची ओळख नसलेली दोन माणसं मागच्या बाकावर बोलत होती. डॉक्टरांना म्हणे आधीच ठाऊक होतं. मुलगीच तिथे कामाला. म्हणून तर पुण्याला पळाले आणि धोंडा परकारच्या पोरीच्या गळ्यात बांधला. तरीच फुकट दिली जागा.

तिने घरी येऊन वडिलांना सांगितलं, की उद्याच्या सभेत मी सगळं स्पष्ट करते. वडील म्हणाले, काही गरज नाही.

सभा शाळेच्या सभागृहात होती. प्रसूतिगृह आणि मागची ओळ पावसाळ्यापूर्वी हलवायची की नाही, हे ठरवायचं होतं. शिर्के म्हणून सिमेंटचे व्यापारी होते, त्यांचं दुकान मागच्या ओळीत. ते उठले आणि म्हणाले, की दुकान हलवायला मी तयार आहे, पण आधी एका गोष्टीचं उत्तर हवं. डॉक्टरांना हे माहीत असताना त्यांनी जागा सोडली का?

तिथे बसलेल्यांपैकी कित्येकांना डॉक्टरांनी जगात आणलं होतं. शिर्क्यांच्या दोन्ही मुलांनाही.

डॉक्टर उभे राहिले. “होय,” ते म्हणाले. “मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.”

ते बसले. केतकीला क्षणभर आपण काय ऐकलं तेच कळेना. मग ती उठली आणि माइकपाशी गेली. तिने सांगितलं की हे खरं नाही. वडिलांना काहीच माहीत नव्हतं. माहीत मला होतं, आणि मी त्यांना खोटं कारण सांगून बोलावून घेतलं. मी डॉक्टर रुबिनांच्या समोर बसून सरबत प्यायले, तेव्हाही मला माहीत होतं. तिने काही वगळलं नाही.

लोक खाली बघत होते. कोणी चिडलं नाही. शिर्के हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुम्ही नोकरीला बांधलेल्या होतात. तुम्हाला आम्ही काही म्हणत नाही. पण लेकीला कळलं आणि बापाला कळलं नाही, हे कसं मानायचं?”

तिने रुबिनाकडे पाहिलं. रुबिना दुसऱ्या रांगेत सनाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने सनाच्या पायातला मोजा नीट केला आणि मान वर केली नाही.

सभेनंतर मासळीबाजारातली द्वारकाकाकी केतकीजवळ आली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. “लेकीनं असंच करावं गो,” ती म्हणाली. “बापाची लाज राखलीस.”

अंगणात केतकीने रुबिनाला गाठलं आणि विचारलं, की तू तरी का बोलली नाहीस.

“सरांनी मला शब्द मागितला होता. मुलीचं नाव निघालं तर ती कामावरून जाईल, मग डोंगर कोण वाचणार, म्हणाले.” रुबिनाने सनाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “आणि खरं सांगू, मॅडम? तुम्हाला मोकळं करावं असं मला वाटलं नाही.”

दोन दिवसांनी संझगिरींचा फोन आला. सभेचं चित्रण कंपनीपर्यंत पोचलं होतं. केतकी नोकरी जाण्याच्या तयारीनेच बोलत होती. पण संझगिरींनी तिचं अभिनंदन केलं. वकिलांनी चित्रण पाहिलं होतं. तिने प्रत्यक्ष जन्मदात्यालाही काही कळू दिलं नाही, हे तिने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमोर सांगितलं होतं. कराराचं इतकं काटेकोर पालन कंपनीत आजवर कोणी केलं नव्हतं. तिला बढती द्यावी असं वरून सुचवण्यात आलं होतं.

तिने त्याच फोनवर राजीनामा दिला. त्याने काही फरक पडला नाही. ‘पायथा’ आता तिच्याशिवाय चालत होतं.

*

ती वाशिवऱ्यातच राहिली. जिल्ह्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने झुकाव मोजणारे दांडे दिले, ते तिने पोरांना बरोबर घेऊन उतारात रोवले आणि नगरपंचायतीच्या छतावर एक भोंगा बसवला. उपग्रहांची मापं सगळ्यांसाठी खुलीच असतात. त्यांचा अर्थ लावणारं गणित तेवढं कंपनीचं. ते तिने वेगळ्या वाटेने, पहिल्यापासून पुन्हा बांधलं. मागच्या ओळीचं हलणं रखडलं, पण प्रसूतिगृह मंगल कार्यालयात हललं. जिथे बोहल्याची जागा होती तिथे पडदे लावून खाटा मांडल्या.

डॉक्टर खातू रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागले. त्यांच्याकडे कोणी येत नव्हतं. बायका रुबिनाच्या रांगेत उभ्या राहत, रांग कितीही लांब असली तरी. डॉक्टर हातमोजे मोजून लावत, औषधांच्या तारखा तपासत, वर्तमानपत्र वाचत. केतकीने एकदा त्यांना विनवलं, की निदान द्वारकाकाकीला तरी खरं सांगा. ते म्हणाले, की आता सांगितलं तर मी माझ्या मुलीला पुढे करतोय असं दिसेल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तेच तिला सहन होत नव्हतं.

ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला. तिसऱ्या रात्री दांड्यांचा झुकाव वाढायला लागला, आधी सावकाश, मग तासागणिक दुप्पट. केतकीने भोंगा वाजवला. मागच्या ओळीतली माणसं गुरांसह पुलापलीकडे गेली. दूधवाले येतात त्या वेळेला उतार सुटला. आवाज फार मोठा झाला नाही, एखादा ट्रक खडी ओततो तसा. तांबडी माती आंब्यांच्या झाडांसकट खाली आली आणि प्रसूतिगृहाचा मागचा वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, शिर्क्यांचं दुकान यांच्यावर पसरून रस्त्यापाशी थांबली. एकाही माणसाला ओरखडा आला नाही.

लोक पुलावर उभं राहून बघत होते. शिर्के केतकीचे दोन्ही हात धरून रडले. मग त्यांची नजर तिच्या वडिलांकडे गेली आणि त्यांनी तोंड फिरवलं. तोवर काहींच्या मनात शंका होती. म्हाताऱ्याला इतकं नक्की कुठून ठाऊक असणार, असं म्हणणारेही होते. मातीचा तो ढीग पाहिल्यावर शंका उरली नाही. जे होणार होतं ते इतकं खरं निघालं, की ते डॉक्टरांना ठाऊक होतं हेही खरं झालं.

*

गणपतीनंतरची गोष्ट. एका अडलेल्या बाईला घेऊन रुबिना रुग्णवाहिकेने रत्नागिरीला गेली होती. दुपारी वरच्या वाडीतून एका पहिलटकरणीला घेऊन तिची सासू आली. कळा जवळ आल्या होत्या. डॉक्टर खातू हात धुऊन पुढे झाले. सासूने त्यांना ओळखलं आणि सुनेच्या आडवी उभी राहिली.

“तुम्ही नको,” ती म्हणाली.

नर्सने समजवायचा प्रयत्न केला की दुसरं कोणी नाही, आणि यांच्यासारखा हात सबंध जिल्ह्यात नाही. सासू हलली नाही. डॉक्टरांनी नर्सला थांबवलं.

“सिस्टर, तुम्ही बघा. मी दाराबाहेर आहे.”

ते पडद्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. केतकी त्यांच्या जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती बाजूला टेकली. आतून नर्स विचारायची, ते हळू आवाजात उत्तर द्यायचे. डोकं दिसतंय का? ओढू नका. तिला धाप टाकू दे. खांदा अडला तर पाय पोटाकडे घ्या, घाबरू नका. डोळे मिटून ते पुढे वाकले होते आणि त्यांचे हात मांडीवर थोडेथोडे हलत होते. केतकी ते हात बघत राहिली. मग बाळाच्या रडण्याचा आवाज आला, तसे ते हात थांबले.

बऱ्याच वेळाने सासू बाहेर आली. तिच्या हातात साखरेची पुडी होती. तिने केतकीच्या तळहातावर साखर घातली आणि म्हणाली, “तुझ्या भोंग्यानं माझ्या भावाचं घरदार बाहेर पडलं गो. देव तुझं भलं करो.” शेजारच्या खुर्चीकडे तिने पाहिलं नाही.

“मावशी,” केतकी म्हणाली, “यांना काहीच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.”

बाईने तिच्याकडे मायेने पाहिलं. “असू दे, असू दे,” ती म्हणाली आणि पडदा सारून आत गेली.

केतकी तळहात तसाच पुढे धरून बसली. वडिलांकडे बघायचा तिला धीर होईना.

“मुलगा की मुलगी?” त्यांनी विचारलं.

तिने विचारलंच नव्हतं.

“विचारून ये,” ते म्हणाले. “आणि वजन किती भरलं तेही विचार.”

ती उठली आणि आत गेली.